आईच्या नखावरची रोवणीची मेहंदी

मंडळी, दुपारपासून मी आईच्या अंगठ्याचाच विचार करत बसलेय.

आमच्या सानगडी गावाकडे धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला जायच्या आधी बाया हातापायांना मेहंदी लावतात, चिखलाने बोटं कुजू नयेत म्हणून. आईने यंदाही लावली. तिच्या हाताच्या अंगठ्याच्या नखाला बुरशी मात्र आधीच झाली होती. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पोटातून घ्यायच्या गोळ्या सुरू केल्या.

आज, रोवणीनंतर तीन-चार महिन्यांनी, जेवण झाल्यावर आईने गोळ्यांचं पाकीट बाजूला सरकवलं. "कायले खाऊ आता? नख तर तसंच दिसून राहिलं."

मी तिचा हात हातात घेतला. अंगणात तिरपं ऊन होतं, शेताच्या बांधीतून पिकल्या धानाचा वास येत होता. मेहंदीचा लाल रंग वाढत्या नखाबरोबर पुढे सरकून टोकाशी जेमतेम उरला होता. जाड, खडबडीत भागही तेवढाच. त्याच्या खाली पार मुळापर्यंत नवं नख आलं होतं, गुळगुळीत आणि गुलाबी.

आई इतके दिवस फक्त टोकाकडे पाहत होती. मी मुळाकडे बोट दाखवलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "आम्ही धान रोवला, तवापासून हे बी उगवून राहिलं होतं का वं?"

आणि तिने गोळी घेतली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडणार नाही, असंही म्हणाली.

तेव्हापासून मी माझीच नखं न्याहाळतेय. फरक दिसत नाही म्हणून तुमच्या घरी कोणी गोळ्या अर्ध्यावर सोडल्यात का? त्यांनी नख कुठून पाहिलं, टोकाकडून की मुळाकडून?