जीनमधला बिनबोंडाचा गुलाब

जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम केलेल्या माणसाला दोन गोष्टी सुटत नाहीत, एक खोकला आणि दुसरे किस्से. रुई कशी, कितीही झटकली तरी एखादा पुंजका काखेत राहतोच, तसंच आहे हे. मी शहाद्याकडच्या एका जीनमध्ये काट्यावर होतो. गाड्यांतून आलेला कापूस तोलून घ्यायचा, एवढंच काम. गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. कोणी विचारलं, "तेव्हाचं काही सांगा," की समोरच्याला वाटतं आता कापसाचं काहीतरी निघेल. मला मात्र आधी गुलाब आठवतात.

त्याला कारण आमचे मॅनेजर, आप्पा. सीझन संपला की जीन बंद, बॉयलर थंड. कायम नोकरीतल्या आम्हा दोघाचौघांना बसून पगार खायला नको म्हणून आप्पा पावसाळ्यात गुलाबाच्या काड्या लावायला बसवायचे. काडी पेन्सिलीएवढी जाड घ्यायची, डोळ्याखाली तिरकी कापायची, पाण्याच्या टाकीच्या सावलीत खोचायची आणि वर ओलं बारदान टाकायचं. बघता बघता कंपाउंडभर गुलाब झाले.

० ० ०

आमचे मुनीम नथ्थूभाऊ फार उतावळे. त्यांनी काडी लावली आणि दुसऱ्या दिवशी उपटून पाहिली, मूळ फुटलं का म्हणून. परत खोचली. तिसऱ्या दिवशी परत उपटली. पंधरवडाभर हाच कार्यक्रम. बाकीच्यांच्या काड्यांना कोंब आले आणि यांची काडी झाडूची काडी झाली.

"आप्पा, मला मातीच वाईट मिळाली," मुनीम म्हणाले.

"नथ्थूभाऊ, शिल्लक रोज बघायची असते," आप्पा शांतपणे म्हणाले, "मुळं नाही."

० ० ०

एका झाडाला मात्र कात्री लावायची कोणाची बिशाद नव्हती. ऑफिसच्या पायरीजवळचं ते झाड काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, माहेराहून काडी आणून लावलेलं. काकू प्लेगात गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या हातचं म्हणून मागं उरलं ते एवढं झाडच. फूल फिकट गुलाबी, कोबीसारखं गच्च, आणि वास असा की काट्यावर बसल्या जागी मला कळायचं, आज फूल उमललंय.

"तिच्या झाडाला लोखंड लागणार नाही," आप्पा म्हणायचे. "बोंड धरू दे. बी पडेल, आपोआप रोप येईल."

गुलाबाच्या फुलामागं लाल फळ धरतं, त्यात बी असतं. आम्ही कापूसवाले, आम्ही त्याला बोंडच म्हणायचो. विहिरीजवळच्या गावठी गुलाबाला अशी बोंडं लगडायची. काकूंच्या झाडाला एक नाही. आप्पा रोज सकाळी चष्मा लावून वाळलेल्या फुलांच्या मागं बोटानं चाचपून बघायचे आणि ऑफिसात जायचे.

० ० ०

पहिला आळ आला मुनिमांवर. गादीमागच्या गणपतीला ते रोज त्याच झाडाचं फूल वाहायचे. आप्पांना वाटलं, फूलच खुडलं तर बोंड येणार कुठून? दुसऱ्या दिवसापासून बंदी. गणपतीला कण्हेर.

मुनीम हळहळले. "देवाचा हक्क काढून घेतलात, आप्पा."

"बोंड आलं की पहिलं त्यालाच वाहीन," आप्पा म्हणाले.

वर्ष गेलं. फुलं झाडावरच उमलली, झाडावरच वाळली, बोंड काही धरलं नाही. मुनिमांनी एका शब्दानं विचारलं नाही, गुपचूप परत फूल वाहायला लागले.

० ० ०

आमचे फिटर कासमभाई. समोर येईल ती वस्तू खोलून बघायची सवय. एका दुपारी त्यांनी काकूंच्या झाडाखाली गळून पडलेलं फूल उचललं आणि टेबलावर मशीन खोलावं तसं खोललं. शेजारी गावठी फूलही तसंच मांडलं. गावठीला पाचच पाकळ्या, मधोमध पिवळे तंतू, बोटाला भुकटी लागते. काकूंच्या फुलाच्या पाकळ्या संपता संपेनात, आणि मधे तंतूच नाहीत. एकदोन सापडले ते अर्धे तंतू, अर्धे पाकळी.

"आप्पासाब, देखो. इसके तागे बी पाकळीच बन गये. भुकटी नहीं, तो बोंड कायका?"

आप्पांनी चष्मा लावून दोन्ही फुलं निरखली. आम्हाला वाटलं, पटलं. तर म्हणतात कसे, "म्हणजे तिला खायला कमी पडतंय."

कासमभाईंनी कपाळाला हात लावला.

० ० ०

काड्या चोरण्यात पटाईत कोण, तर भागाबाई. जीनच्या यंत्रावर कापूस टाकणाऱ्या बायांची ती मुकादमीण. वयानं आप्पांच्या बरोबरीची, त्यामुळं भीड कोणाचीच नाही. एकदा फाटकातून निघताना आप्पांनी तिला अडवलं. रागात आले की आप्पा ऑफिसची मराठी सोडून घरच्या अहिराणीवर यायचे.

"पदरमा काय शे?"

"काडी शे."

काकूंच्या झाडाचीच होती. हातानं मोडलेली. आप्पांचा चेहरा उतरला. मागितली असतीस तर दुसऱ्या कुठल्याही झाडाची दिली असती, म्हणाले.

"मांगेल काडी लागत नही, आप्पा," भागाबाई म्हणाली. "चोरेल लागस."

मागून आणलेली काडी जगत नाही, चोरलेली जगते, हे आमच्याकडं सगळ्या बाया मानतात. आप्पांनी ती काडी काढून घेतली, मोडून टाकली आणि झाडाला काटेरी कुंपण घातलं. भागाबाई हसत हसत गेली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

० ० ०

आता आप्पांनी जे केलं ते जीनमधल्याच माणसाला सुचावं. झाडाला खुराक हवा ना? मग सरकीपेक्षा मोठा खुराक कोणता? त्यांनी ताज्या सरकीचा ढीग झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि वर पाणी मारलं. ओल्या सरकीच्या ढिगात हात घातला तर चटका बसतो, हे आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांना तर आमच्याआधी ठाऊक होतं. कासमभाई बोललेही. "तू बॉयलर बघ," एवढंच उत्तर मिळालं.

चैत्रात पानं झडली. उकरून पाहिलं तर मुळं काळी पडलेली. मग आप्पांनी स्वतः कात्री आणली आणि होत्या नव्हत्या तेवढ्या काड्या कापून टाकीच्या सावलीत लावल्या. मरत्या झाडाच्या काड्या त्या, एकही जगली नाही. त्यानंतर आप्पा ऑफिसात मागच्या दारानं यायला लागले. मला फार वाईट वाटायचं.

० ० ०

पोळा आला. भागाबाईचा मुलगा हिरामण आमचा गाडीवान. दरवर्षी तो बैलजोडी सजवून आधी आप्पांच्या दारात आणायचा. त्या वर्षीही आणली. अंगावर झूल, शिंगांना बेगड, आणि कपाळावर फुलांची माळ. आप्पा पुरणपोळीचं ताट घेऊन पुढं झाले, बैलानं मान खाली घातली आणि आप्पांचा हात तिथंच थांबला.

फिकट गुलाबी. गच्च. वास माझ्यापर्यंत आला.

हिरामण जमिनीकडं बघायला लागला. आप्पांनी दोन्ही बैलांना पोळी भरवली, ताट माझ्या हातात दिलं आणि बैलांच्या मागोमाग चालू लागले. मीही निघालो, ताट हातातच.

भागाबाईच्या अंगणात, मोरीच्या पाण्यावर, छातीएवढं झाड उभं होतं. कळ्यांनी भरलेलं. कुंपण पडायच्या आधीच एक काडी इथं पोचली होती. आप्पांनी एका फुलाखाली हात धरला. डोळे भरून आले होते त्यांचे, लपवलेही नाहीत. जीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाणारा माणूस, त्या दिवशी अगदी हळू बोलला.

"भागाबाई, एक काडी देशी का माले?"

"नही," भागाबाई म्हणाली. "मांगेल लागत नही."

आणि तिनं आमच्याकडं पाठ केली. भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"तुम्ही बी तोंड फिरावा," ती हिरामणला आणि मला म्हणाली.

आम्ही बैलांकडं तोंड केलं. मग मागं काडकन काहीतरी मोडलं.

"कोन शे रे तठे?" भागाबाई भिंतीकडंच बघत ओरडली. "चोर शे का?"

मी वळून पाहिलं. आमचे मॅनेजर आप्पा एका हातानं टोपी सावरत, दुसरा हात कोटात खुपसून, गल्लीतून पळत सुटले होते.