रेवस रस्त्यावरची बेलिफबाई

सुचिता घरत अलिबागच्या दिवाणी न्यायालयात बेलिफ आहे. कोर्टाची समन्सं आणि नोटिसा ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायच्या, सही घ्यायची आणि तसा अहवाल लिहायचा, हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण कोर्टाचा कागद आनंदाने घेणारा माणूस तिला सोळा वर्षांत भेटलेला नाही. कुणी मागच्या दाराने परसात पळतं, कुणी आपणच आपला धाकटा भाऊ असल्याचं सांगतं. एका गृहस्थांनी तर आपण वारल्याचं आतल्या खोलीतून स्वतःच ओरडून सांगितलं होतं. सुचिता अशा वेळी वाद घालत नाही. ओट्यावर बसते, पाणी मागून पिते आणि माणूस बाहेर येईपर्यंत उठत नाही.

तिचं गाव तळेपाडा, अलिबागहून रेवसकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नवरा जीवन कंपनीत दुसऱ्या पाळीला, घरी यायला त्याला मध्यरात्र होते. मुलगी शिवानी नर्सिंग शिकायला पनवेलला गेली आणि जाताना आपले खेळाचे बूट दाराशीच विसरली. एका संध्याकाळी केर काढता काढता सुचिताने ते पायात घालून पाहिले. मापाचे निघाले. शाळेत असताना आठशे मीटरला तालुक्यात पहिली आलेली ती. लग्नानंतर बस पकडण्यापुरतंच धावणं उरलं होतं. त्या दिवशी ती गावाबाहेरच्या मोरीच्या छोट्या पुलापर्यंत धावत गेली आणि धापा टाकत परतली. दुसऱ्या दिवशी कोर्टाचा जिना चढताना मांड्या भरून आल्या होत्या आणि ती मनातल्या मनात हसत होती. वय वर्षं एक्केचाळीस.

तेव्हापासून रोज रात्री साडेआठला, भांडी आवरली की ती निघायची. दिवसभर कागद घेऊन गावोगाव फिरणं, संध्याकाळी स्वयंपाक. वेळ म्हणून मिळायचा तो एवढाच. सासू आवडाबाईंना ते अजिबात पसंत नव्हतं.

"रातची बायमानूस रस्त्यानं धावते? लोक काय म्हनतील?"

"आई, लोक त्या वेळी मालिका बघतात," सुचिता नाडी बांधत म्हणायची.

पण ती बेफिकीर नव्हती. कानात गाणी कधी घातली नाहीत, कारण मागून येणारं वाहन आधी कानाला कळतं. रस्त्याच्या उजव्या कडेने धावायची, म्हणजे गाड्या समोरून येतात. गावापासून किलोमीटरभरावर नूरबानूचं शिवणाचं दुकान होतं. पुरुषांना गल्फमध्ये पाठवून घर चालवणाऱ्या बायांतली ती एक. तिची मशीन नऊ-साडेनऊपर्यंत चालायची. सुचिता जाताना हात करायची, येताना हात करायची. नऊपर्यंत परतीचा हात दिसला नाही तर नूरबानू फोन लावणार, असं दोघींचं ठरलेलं होतं. पुढे मोरी, मोरीनंतर अर्ध्या किलोमीटरवर मुंबईच्या कुणाचा तरी बंगला. तिथला वॉचमन शिवदास फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. त्या फाटकाला हात लावून ती वळायची.

डिसेंबरात एके रात्री तिच्या मागे उजेड आला आणि मागेच राहिला. मोटरसायकल जवळ येते तसा आवाज वाढतो, पुढे जाते तसा कमी होतो. हा आवाज वाढत नव्हता की कमी होत नव्हता. तिची सावली रस्त्यावर लांबच लांब पडली होती. ती मुकाट्याने नूरबानूच्या दुकानात शिरली. गाडी हळू झाली, मग निघून गेली.

दुसऱ्या रात्री तो मोरीपाशी गाडी लावून उभा होता. हेल्मेट, तोंडाला रुमाल. "मॅडम, सोडू का घरी?" ती तशीच धावत पुढे गेली.

तिसऱ्या रात्री त्याने मोरीवर गाडी आडवीच घातली.

"रोज एकट्याच असता," तो म्हणाला. "आठ पन्नासला इथे येता. नवरा बाराशिवाय येत नाही."

त्याच्या धिटाईपेक्षा त्या आठ पन्नासने ती जास्त घाबरली. तिच्या दिवसाचा तो अर्धा तास, तिचा एकटीचा, कुणीतरी बसून मोजला होता. तो गाडीवरून उतरायला लागला तेव्हा तिने मोरीच्या उजव्या अंगाला उडी मारली आणि खारजमिनीच्या बांधावर चढली. त्या बांधावरून ती कागद बजावायला शंभर वेळा गेली होती. रुंदी दोन पावलांची, एका बाजूला भातकापणीनंतरची कोरडी शेतं, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल. गाडी तिथे येऊच शकत नव्हती, आणि बांध कुठे बाहेर पडतो हे तिला डोळे मिटूनही ठाऊक होतं. अंधारात ती जी सुटली ती बंगल्याच्या मागच्या कुंपणाशीच थांबली. मागून दोन-तीनदा हॉर्न ऐकू आला, शिवी ऐकू आली, मग काही नाही.

"ताई, काय झालं?" शिवदास बॅटरी घेऊन धावत आला. तिला उत्तर द्यायला दम पुरेना. तेवढ्यात फोन वाजला. नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती आणि नूरबानू विचारत होती, "गं, हायस कुठं तू?"

शिवदासने तिला घरी सोडलं. जीवनला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "उद्यापासून बंद. माझ्या जिवाला घोर नको." आवडाबाईंच्या तोंडावर 'मी सांगत व्हती' असं लिहिलेलंच होतं.

दोन रात्री बूट कोपऱ्यात पडून राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती एका बिल्डरच्या दारात बसली होती. हा माणूस तीनदा तिला चकवून गेला होता. दीड तासाने तो मागून घरात शिरताना सापडला, वैतागून सही केली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही काय पिच्छा सोडत नाही." एसटीत बसल्यावर तिला त्या वाक्याचं नवल वाटलं. दडून बसलेला भलाभला माणूस ती उन्हात बसून बाहेर काढते, आणि तोंडाला रुमाल बांधलेल्या एका माणसासाठी आपला रस्ता सोडून देते?

घरी येऊन तिने कोरा कागद घेतला आणि बजावणीचा अहवाल लिहितात तसं लिहायला बसली. तारीख, वेळ, ठिकाण. गाडी काळी, नंबरपट्टीवर फडकं. डाव्या बाजूचा आरसा नाही. उजव्या मनगटात कडं. बोललेले शब्द जसेच्या तसे. तो कागद घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या हवालदार बाईंनी दोनदा वाचला.

"इतका नीट अर्ज आमच्याकडे कुणी आणत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही एकट्या काही करायला जाऊ नका. परवा आमची गाडी तुमच्या गावच्या फाट्यावर उभी असेल. तो दिसला की एकशेबारा लावा."

सुचिताने जीवनला सांगितलं. तो चिडला, मग म्हणाला, "मी रजा टाकतो."

"नको. तू घरी असलास तर तो येणारच नाही. त्याला तुझी पाळी पाठ आहे."

आवडाबाई भाकरी थापत ऐकत होत्या. परातीतून हात न काढता म्हणाल्या, "मी येते."

"आई, तुम्ही कशाला?"

"मला न्हाय दिसत का चांगलं? पंच लागतात ना तुज्या कामाला दोन? एक मी, एक ती शिवनवाली."

ठरल्या रात्री आवडाबाई आणि नूरबानू आधीच जाऊन बंगल्याच्या फाटकाआड वॉचमनच्या खोलीत बसल्या. सुचिता साडेआठला निघाली. दुकानाशी पोचायच्या आत मागून उजेड आला. तिने फोनवरचं एकशेबाराचं बटण दाबलं आणि वेग वाढवला. आज तो मोरीवर थांबला नाही. मागे मागेच येत राहिला. तिला वाटलं होतं तेवढी भीती तिला वाटली नाही. श्वास लयीत होता. फाटकावरच्या मोठ्या दिव्याखाली आल्यावर ती थांबली, वळली आणि कोर्टाच्या दारात पुकारा करतात तशा आवाजात म्हणाली,

"गाडी बंद करा."

आणि त्याने केली. का केली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"पूर्ण नाव सांगा."

"क... कशाला?"

"तुमचं नाव, वडिलांचं नाव, राहणार कुठे. चार तारखेला आठ पन्नासला मोरीवर तुम्ही माझा रस्ता अडवलात. पाच माणसांदेखत बोला आता."

पाच कुठे होती, तिलाच माहीत. पण शिवदास मागून आला होता आणि त्याने गाडीची चावी काढूनही घेतली होती. नूरबानू मोबाइल उंच धरून उभी होती. आवडाबाई काठी टेकत सरळ त्याच्यापर्यंत गेल्या, त्याच्या हातातल्या कड्याकडे बघितलं आणि तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"आरं द्येवा! ह्यो तर भागोजीचा पियूष! तुज्या बारशाला पाळना हालवलाय रं मी!"

पियूष, प्लॉटची दलाली करणारा, सत्तावीस वर्षांचा घोडा, त्या म्हातारीपुढे शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून उभा राहिला. पोलिसांची गाडी आली तेव्हा तो "मजा केली नुसती, मजा" असं पुटपुटत होता.

"आम्हाला नाही आली," नूरबानू म्हणाली.

पाठलागाचा गुन्हा नोंदला गेला. सकाळी भागोजी दारात हजर. पोराचं लग्न ठरतंय, गावातली गोष्ट गावात मिटवू, माफी मागायला लावतो. सुचिताने त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"काका, माफी मागू दे. पण तक्रार राहील. तारखेला कोर्टात या, मी रोज तिथंच असते."

तो आवडाबाईंकडे वळला. "वयनी, तुमी तरी सांगा हिला. बायमानसानं रातचं..."

"मी पन तेच बोलायची," आवडाबाई म्हणाल्या. "पन रस्त्यावर ही धावत व्हती, वाट तुज्या पोरानं आडवली. मंग घरात बसायचं कुनी?"

भागोजी पाणी न पिताच गेला. पियूष जामिनावर सुटला, पण खटला उभा आहे, आणि तळेपाड्यात ज्या पोरींना त्याने याआधी असंच छळलं होतं त्यातल्या दोघी आपणहून जबाब द्यायला पुढे आल्या. हे सुचिताला आधी माहीतच नव्हतं. त्या रात्री तिला झोप लागली नाही; राग पण आला आणि आपण मागे हटलो नाही याचं बरंही वाटलं.

जीवनने कंपनीतून चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणून दिलं. "घाल, लांबून दिसतं," एवढंच बोलला. वेळ आता ती ठरलेली ठेवत नाही; कधी आठ, कधी नऊ, आणि नूरबानूला त्या त्या दिवशी कळवते. सोमवार-गुरुवार नूरबानू स्वतःच सलवारवर बूट घालून मोरीपर्यंत येते, वाटभर बोलते, आणि धावताना बोलू नये हे तिला पटत नाही.

पण बाकीचे दिवस सुचिताचे एकटीचे. फेब्रुवारीत एका शनिवारी तिने फाटकाला हात लावला आणि वळली नाही. पुढे गेली. नारळाच्या वाड्या गेल्या, मशिदीचा हिरवा दिवा गेला, खाडीचा वारा तोंडावर यायला लागला. नऊ किलोमीटर पार करून ती रेवसच्या धक्क्यावर पोचली तेव्हा शेवटची लाँच कधीच गेली होती आणि पाणी नुसतं खांबांवर आपटत होतं. पलीकडे मुंबईचे दिवे. ती घोटभर पाणी प्यायली, तिने घामाने चिकटलेले केस मागे केले आणि जीवनला फोन लावला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

"कुठे आहेस?"

"रेवसला."

"रेवसला? धावत?" तो उठून बसल्याचं तिला फोनवर ऐकू आलं. "थांब तिथंच, गाडी घेऊन येतो."

"नको," ती म्हणाली. "आईंना सांग, जागत बसू नका. मी आले तशीच परत येते."