रेमेदिओसचा पाटा

कासिल्दा केरोला ग्रामसभेने म्युझियमच्या कमिटीवर घेतलं ते मान द्यायला नव्हे, तिचं तोंड बंद व्हावं म्हणून. सभेत ही बाई मागच्या बाकावरून एकदा बोलायला लागली की पाण्याच्या टाकीपासून पाद्रीबाबांच्या उशिरा येण्यापर्यंत काही सोडायची नाही. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, एवढी जीभ चालते तर द्या हिला काहीतरी काम. डोंगरातल्या त्या गावात सभेने काम दिलं की ते वर्षभर फुकट करायचं, नाही म्हणायची सोय नाही. कमिटीवर चार पुरुष आणि पाचवी कासिल्दा. अध्यक्ष, चिटणीस वगैरे मोठमोठी पदं पुरुषांनी आपसात वाटून घेतली. कासिल्दाच्या वाट्याला झाडू आला, आणि झाडायला दार उघडावं लागतं म्हणून किल्लीही तिच्याकडेच राहिली.

म्युझियम म्हणजे पंचायतीशेजारची जुनी कोठडी. खिडकीचे गज अजून तसेच. दर रविवारी गावातली म्हातारी माणसं तिथे जुने फोटो घेऊन बसायची आणि पोरांना चेहरे ओळखून दाखवायची. यंदा मात्र मोठा घाट घातला होता. चाळीस वर्षांपूर्वी गावाने कागद कारखान्याचे लाकडाचे ट्रक अडवले होते आणि आपलं जंगल वाचवलं होतं. त्या लढ्याचं प्रदर्शन मांडायचं ठरलं. आसपासच्या सतरा गावांतून पाहुणे येणार होते, त्यांच्या गावांतही अशीच म्युझियमं होती. त्यामुळे कमिटीच्या अंगात वारं शिरलं होतं.

कोयते, कंदील, कुऱ्हाडी, ट्रक दिसला की फुंकायचा शंख, जमवाजमवीसाठी वाजवायचा ढोल, सगळं घराघरांतून आलं. काचेमागे मांडलं गेलं. समोरच्या भिंतीवर निळ्या रंगात लढवय्यांची नावं लिहिली. एक्केचाळीस नावं.

कासिल्दाला वाचता येतं, पण बोट ठेवून. गुरुवारी झाडून झाल्यावर तिने पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि शेवटच्यावर उचललं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रेमेदिओसचं नाव नव्हतं.

ती तशीच झाडू हातात घेऊन पंचायतीत गेली. तिथे नाबोर बसला होता, कमिटीचा अध्यक्ष आणि कासिल्दाच्या थोरल्या लेकीचा धर्मपिता. हे नातं एकदा जुळलं की जन्मभर एकमेकांना कोमाद्रे, कोम्पाद्रे म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, मग डोकं कितीही फिरो.

"कोम्पाद्रे, भिंतीवर एक नाव राहिलंय."

"कुणाचं?"

"माझ्या नणंदेचं."

नाबोरने टोपी काढून टेबलावर ठेवली. "कोमाद्रे, बसा जरा. नावं आम्ही सभेच्या वहीतून घेतली. ज्यांनी सभेची कामं केली, त्यांचीच नावं वहीत असतात. रेमेदिओसबाईंचं लग्न झालं नव्हतं, घर त्यांच्या नावावर नव्हतं, सभेचं काम त्यांना कधी मिळालं नाही. आता वहीतच नाही तर मी कुठून आणू?"

"तिच्या पायातून आणा."

"हे बघा..."

"तुम्ही बघा. डावा पाय. चाळीस वर्षं ओढत चालली ती. तेवढी वर्षं तुमच्या वहीला दिसली नाही का?"

नाबोरने डोळे मिटून घेतले. तो वाईट माणूस नव्हता, पण नियम हातात आला की त्याला फार सुरक्षित वाटायचं. "असं करू," तो म्हणाला, "खाली एक ओळ घालू. 'स्त्रियांच्या सहकार्याने.' झालं समाधान?"

कासिल्दाच्या अंगाची लाही लाही झाली. सहकार्य! शेजारणीकडून मीठ आणावं तसं. तिने एवढंच विचारलं, "ही ओळ तुमची की कमिटीची?"

"कमिटीची."

"बरं," म्हणाली आणि झाडू घेऊन निघाली. कासिल्दा 'बरं' म्हणून गप्प निघून गेली म्हणजे काहीतरी शिजणार, हे नाबोरला कळायला हवं होतं. त्याला वाटलं, बाई समजल्या.

चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, पण ज्याला त्याला आपल्या सोयीची. ट्रक अडवून तिसरा दिवस होता. पुरुषांना पोलिसांनी बोलणी करायला म्हणून पंचायतीत बोलावलं आणि आत बसवून ठेवलं. उजाडता उजाडता कारखान्यावाल्यांनी डाव साधला, लाकडाने भरलेले ट्रक सुरू केले. रस्त्याकडेला अकरा बायका पुरुषांच्या न्याहारीचा मका वाटत बसल्या होत्या. चुन्याच्या पाण्यात उकडलेला गरम मका, समोर तीन पायांचा पाटा, हातात वरवंटा. ट्रकचा आवाज आला तशी रेमेदिओस म्हणाली, "चला ग, जागा बदला." अकराजणींनी आपापले दगडी पाटे ओढत नेऊन भर रस्त्यात मांडले आणि पुन्हा वाटायला बसल्या. पहिला ट्रक आला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, शिव्या दिल्या, मग हळूहळू गाडी पुढे रेटली. रेमेदिओसच्या पाट्याचा एक पाय चाकाखाली मोडला, आणि तिचं पाऊल. तिच्या ओरडण्याने ड्रायव्हर घाबरला आणि गाडी सोडून पळाला. मागचे ट्रक जागच्या जागी अडकले. त्यानंतर त्या रस्त्याने कारखान्याचं एक लाकूड खाली गेलं नाही.

रेमेदिओस तशी गोड बाई नव्हती. चाळीस वर्षं तिने भावजयीला एकच टोमणा ऐकवला, "वाटतेस की नुसता दगड खाजवतेस?" कासिल्दाचा नवरा गेल्यावर मात्र तिची चारही पोरं रेमेदिओसनेच वाढवली, लंगडत. पाट्याचा एक पाय मोडलेला. त्याखाली वीट लावून ती शेवटपर्यंत त्यावरच मका वाटत राहिली. गेल्या वर्षी ती गेली आणि पाटा कासिल्दाकडे आला.

शुक्रवारी कासिल्दाने म्युझियमचा खण उघडला. प्रत्येक वस्तूची पावती होती, आणि ती देणाऱ्याचा अंगठा किंवा सही. आता गंमत बघा. वस्तू जमा करण्याचे तिन्ही शनिवार पुरुष मंडळी टाकीच्या श्रमदानाला गेली होती. वस्तू आणून दिल्या बायकांनी. सगळे अंगठे बायकांचे. मागितली की वस्तू परत द्यायची, हेही प्रत्येक पावतीवर छापलेलं, कमिटीनेच छापून घेतलेलं.

ती पावत्या घेऊन घरोघर फिरली. पहिलं घर पान्फिलाचं. पान्फिला त्या अकराजणींतली, आता ऐंशीच्या पुढची.

"काय मागायला आलीस?" पान्फिला म्हणाली.

"तुमचा ढोल परत घ्या. उद्या दुपारी."

पान्फिलाने सगळं ऐकून घेतलं. "ढोल माझ्या नवऱ्याचा आहे."

"अंगठा तुमचा आहे."

"मग ढोलही माझाच की," म्हातारी म्हणाली आणि खुदकन हसली. "उचलायला सुनेला आणते."

शनिवारी दुपारी पुरुष चौकात मांडव घालत होते, बँडवाले सराव करत होते. बायका एकेक करून आल्या, पावती दिली, वस्तू घेतली, शालीखाली झाकून गेल्या. संध्याकाळपर्यंत काचेमागे धूळ तेवढी उरली. कासिल्दाने तीही पुसली, झाडणं तिचं काम होतं.

रविवारी नऊ वाजता बँड वाजत पाहुणे आले. पुढे नाबोर, पांढरा सदरा, नवी टोपी. दारात पाऊल टाकलं आणि तो उंबऱ्यातच थांबला. सगळी कपाटं रिकामी. निळ्या नावांच्या भिंतीखाली, जमिनीवर, कासिल्दा गुडघ्यांवर बसून मका वाटत होती. पाट्याच्या मोडक्या पायाखाली वीट होती.

"कोमाद्रे," तो दबक्या आवाजात म्हणाला, "हे काय मांडलंय तुम्ही?"

"प्रदर्शन."

"सामान कुठंय?"

"ज्याचं त्याच्या घरी. पावत्या खणात आहेत, बघून घ्या."

"पाहुण्यांसमोर गावाची अब्रू घालवता?"

"मी कशी घालवेन? भिंतीवर आहे ना सगळी, निळ्या रंगात."

मागे बायका उभ्या होत्या, शालीत हात घालून. पाहुण्यांत एक पोक्त बाई होती, पलीकडच्या खोऱ्यातल्या म्युझियमची अध्यक्ष. ती कासिल्दासमोर बसली आणि मोडका पाय बघून म्हणाली, "हा कसा मोडला?" कासिल्दाने सांगितलं. हात न थांबवता, एकाच दमात सगळं सांगितलं.

बाईने चष्मा लावला आणि भिंतीवरची नावं मोठ्याने वाचायला घेतली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. "तिचं कुठलं यातलं?" तिने विचारलं.

"अध्यक्षांना विचारा," कासिल्दा म्हणाली.

नाबोरने तोंड उघडलं. वही, सभा, नियम, सगळं जिभेवर आलं होतं. सतरा गावं त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो चिटणीसाकडे वळला. "रंग आण," तो म्हणाला.

ब्रश त्याने स्वतः धरला. "काय लिहू? कासिल्दाची नणंद...?"

"कुणाची कुणी नाही. रेमेदिओस येस्कास. आणि वर लिहा, सगळ्यांच्या वर. जागा आहे."

जागा होती. खुर्चीवर चढून त्याने लिहिलं. अक्षरं जरा वाकडी आली. मग खुर्चीवरूनच त्याने विचारलं, आणि मनापासून विचारलं, "बाकीच्या दहा जणींची सांगा. तुमच्यापासून सुरू करू, कोमाद्रे?"

कासिल्दाचा वरवंटा थांबला. सकाळपासून पहिल्यांदा.

"माझं नको," ती म्हणाली. "ट्रक पुढे सरकला तशी मी उठले. पान्फिला उठली, आम्ही दहाही उठून पळालो. ती एकटी बसून राहिली. माझा हात धरला होता तिने, मी सोडवून घेतला."

पान्फिलाने मान खाली घातली. चाळीस वर्षांत ही गोष्ट कुणी बोललं नव्हतं.

नाबोर खुर्चीवरून उतरला. भिंतीवर चौदावं नाव त्याचं होतं. त्या सकाळी तो बावीस वर्षांचा होता आणि पंचायतीत बसून पोलिसांनी दिलेली कॉफी पीत होता. ते नाव त्याने पुसलं नाही. पण तेव्हापासून पाहुण्यांना भिंत दाखवताना तो वरच्या नावावर थांबतो आणि बाकीची ज्याची त्याने वाचावी म्हणतो.

सोमवारी बायकांनी सामान परत आणून दिलं. ढोल, शंख, कंदील, सगळं. नाबोरने पाट्यासाठी सगळ्यात मोठं कपाट रिकामं करून ठेवलं होतं, आत लाल कापडसुद्धा अंथरलं होतं.

"ठेवा, कोमाद्रे," तो म्हणाला.

"पाटा मिळायचा नाही," कासिल्दा म्हणाली. तिने तो शालीत बांधून पाठीवर घेतला, वीट काखेत मारली आणि दाराला कुलूप लावलं. उद्याच्या भाकऱ्यांचा मका वाटायचा होता, आणि तो अजून तिला हवा तसा बारीक येत नव्हता.