मसाजींनी निवडलेली रायफल

साखरा गावात मसाजींना नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना मेजर म्हणत. सतरा वर्षं फौजेत काढून ते गावी परतले ते एक लोखंडी पेटी, झुपकेदार मिशा आणि ताठ पाठ घेऊन. पहिल्याच आठवड्यात पारावर कुणीतरी विचारलं होतं, "मेजर, दुश्मनावर किती गोळ्या झाडल्या?"

मसाजी नुसते हसले.

झालं होतं ते एवढंच. पण त्या हसण्याचा गावानं हवा तसा अर्थ लावला. वर्षभरात मसाजी पलटणीतले पहिल्या नंबरचे नेमबाज झाले. कुणी म्हणे उडता पक्षी पाडत, कुणी म्हणे अंधारात नुसत्या आवाजावर नेम धरत. मसाजींनी यातलं एकही वाक्य स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारलं नाही, पण एकही खोडून काढलं नाही.

खरी गोष्ट अशी, की मसाजी लंगरात स्वयंपाकी होते. भरतीनंतर सगळ्यांना शिकवतात तेवढी रायफल त्यांनी हाताळली होती आणि पुढं वर्षाकाठी हजेरीपुरत्या चार गोळ्या झाडल्या होत्या. बाकी सतरा वर्षं हातात झारा. बर्फात, वाऱ्यात, दोनशे माणसांच्या ताटात वेळेवर गरम भाजी पडली पाहिजे, हे काम काही हलकं नव्हतं आणि ते त्यांनी चोख केलं होतं. त्या कामाची त्यांना लाज नव्हती. लाज होती ती पारावर गप्प बसल्याची. पहिल्या दिवशी दोन शब्दांत सांगून टाकलं असतं तर विषय संपला असता. आता वीस वर्षं उलटून गेली होती. घरात हे एकट्या पारुबाईला माहीत होतं. नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदावरचा हुद्दा तिनं केव्हाच वाचला होता, पण त्यावर ती कधी चकार शब्द बोलली नाही.

यंदा दिवाळीनंतर शाळेतल्या खेळाच्या संगिता मॅडम घरी आल्या. जिल्ह्याला नेमबाजीच्या स्पर्धा होणार होत्या आणि शाळेला एक छऱ्याची रायफल घ्यायला मंजुरी मिळाली होती.

"गावात तुम्ही असताना आम्ही बाहेरचा माणूस कशाला शोधायचा, मेजर?" त्या म्हणाल्या. "रायफल तुम्हीच निवडा आणि पोरांना तुम्हीच शिकवा."

पारुबाई चहा घेऊन आली होती. तिनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं, कप ठेवले आणि आत गेली. मसाजी म्हणाले, "बराबर हाय. जाऊ की."

हिंगोलीच्या दुकानात त्या प्रकारच्या चार-पाच रायफली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. साधी, स्वस्तातली बनावट. नळी सांध्यात दुमडायची, एक छर्रा भरायचा, नळी परत बसवून घोडा दाबला की हवेच्या दाबानं छर्रा सुटतो. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "मेजरसाब, सस्ता माल है, एक जैसा नहीं निकलता. पीछे निशाने का पट्टा लगा है, दस छर्रे चलाके देख लो. बाद में वापस नहीं होगा."

मसाजींच्या काखेत घाम आला. मॅडम कौतुकानं बघत होत्या. दहा छर्रे मारायचे आणि त्यातले सहा पट्ट्याबाहेर गेले तर? त्यांनी एक रायफल उचलली, नळीत एक डोळा लावून बराच वेळ पाहिल्यासारखं केलं, ती खांद्याला लावून खाली घेतली आणि म्हणाले, "मला काय चालवून बघायचं? हातात घेतली की वजनावरूनच कळतं. हीच द्या."

शाळेमागं कडब्याची गंजी रचून तिच्यापुढं नेमासाठी गोल काढलेला कागदी पट्टा लावला आणि शिकवणी सुरू झाली. आठ लेकरं होती. त्यांत नववीतली मंजुषा पहिल्याच दिवशी नजरेत भरली. तिचे वडील दगडोबा शेळ्या-मेंढ्या राखत आणि दोन एकर कोरडवाहू कसत. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत पोरगी मोठी झालेली. हात असा स्थिर, की रायफलीवर ठेवलेलं नाणं पडू नये. पण छर्रा काही केल्या मध्यावर लागेना. डावीकडं आणि खाली. कधी दोन बोटं, तर कधी वीतभर.

बाकीच्या पोरांचंही तेच होत होतं, पण त्यांचा नेमच कच्चा, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मंजुषाचं चुकणं मात्र ठळक दिसे. मसाजींना काय चुकतंय ते कळत नव्हतं, आणि कळत नाही हे म्हणता येत नव्हतं. मग ते म्हणत, श्वास सोडून राहिलीस. कोपर ढिला पडून राहिला. डोळा मिचकावतीस तू. पोरगी मुकाट्यानं सगळं सुधारी आणि छर्रा पुन्हा डावीकडं जाई. त्यांनी तिला डोळे तपासायला पाठवलं. काम बुडवून दगडोबा तिला सेनगावला घेऊन गेला. डोळे स्वच्छ निघाले.

एका शनिवारी गावातली पाच-पन्नास माणसं सराव बघायला कुंपणाशी जमली होती. शेळ्या घेऊन परतताना दगडोबाही थांबला. मंजुषाचे पाचही छर्रे पट्ट्याच्या डाव्या कडेला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "मेजर, तुमच्या हाताखाली असून बी असं काहून?"

मसाजींच्या डोक्यात तिडीक गेली. ते मोठ्यानं म्हणाले, "माझ्या शिकवण्यात खोट न्हाई. शेळ्यांमागं हिंडणाऱ्या घरातली पोरगी, रायफल हाय का काठी हाय तेच तिला उमगत न्हाई!"

लोक हसले. दगडोबानं मान खाली घातली आणि शेळ्या हाकत निघून गेला. मंजुषानं रायफल अलगद मेजावर ठेवली. ती रडली नाही. मसाजींना ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र संगिता मॅडमना विचारून, रायफल पोत्यात गुंडाळून ती थेट मसाजींच्या घरी आली. सोबत कुणी नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "शाळेत चार माणसांत बोलावं वाटलं न्हाई, म्हणून इथं आले. तुमाला म्हाईत असंलच. पण मी सकाळी शाळेमागं एक करून पाहिलं. वाळूच्या दोन पोत्यांत रायफल दाबून बसवली, नेम मध्यावर धरून दोरीनं बांधली आणि हात न लावता नुसता घोडा दाबला. तरी बी छर्रा डावीकडंच गेला."

"पोतं हललं असंल."

"पाच बार पाहिलं." तिनं घडी केलेला पट्टा काढून दाखवला. पाच भोकं, पाचही डावीकडं आणि खाली. "आन् हे बघा." तिनं नळी आणि मागचा भाग जुळतो त्या सांध्यावर चिमूटभर कापूस ठेवला आणि मातीच्या ढिगात छर्रा मारला. कापूस भुर्रकन उडाला. "हवा हितूनच निघून जाती, काका. मंग छर्रा खाली पडंल न्हाई तर काय?"

मसाजी ताडकन उठले. "मला शिकवतीस? सतरा वर्षं फौजेत..."

पोरगी उलटून बोलत नव्हती, घाबरलीही नव्हती. ती त्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवून उभी होती. त्यांनी फक्त 'मला ठाऊकच होतं, तुझी परीक्षा पाहत होतो' म्हणायचं, की सगळं झाकलं जाणार होतं. चौदा वर्षांचं लेकरू त्यांची अब्रू सांभाळायला उन्हातून चालत आलं होतं. मसाजींचे कान तापले.

पारुबाई दारात उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "सांगा तिला. आता तरी सांगा."

मसाजी खाली बसले आणि म्हणाले, "मंजुषा, मी नेमबाज न्हवतो. लंगरात होतो. रोट्या भाजायचो. ही रायफल मी चालवून न बघताच घेतली. का, तर मला चालवता येत न्हाई हे मॅडमला दिसंल म्हणून."

मंजुषानं रायफल उचलून नळी एकदा हलवून पाहिली. मग म्हणाली, "मंग पाना हाय का घरात?"

दोघांनी अंगणात चटईवर रायफल ठेवली. नळीच्या बिजागरीचा स्क्रू कारखान्यातून नीट आवळलाच नव्हता. नळी धरून हलवली की खुटखुट वाजे. छर्रे विखरायचं कारण ते. सांध्यातला रबरी वायसर एका बाजूनं कापलेला होता. मसाजींनी जुन्या चपलेचं चामडं कातरून, तेलात भिजवून तिथं बसतं केलं. वायसर, स्टोव्ह, गळके सांधे हे त्यांच्या हातचं काम होतं. शेवटी नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारका खुंटा. नीट निरखलं तर ती उजवीकडं कललेली होती. तिच्यावरून मध्यावर नेम धरला की नळीचं तोंड आपोआप डावीकडं वळे. लाकडाचा ठोकळा लावून, हळूहळू ठोकत, दर ठोक्याला एक छर्रा मारून बघत त्यांनी ती सरळ केली. ऊन कलेपर्यंत मंजुषाचे तीन छर्रे एकाच भोकातून गेले. तिच्या तोंडावर हसू आलं आणि मसाजींना ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी संगिता मॅडमकडं पोरांपुढं बोलायची परवानगी मागितली. फाटकाशी गावातलीही काही माणसं होती. मसाजींनी सगळं सांगितलं. लंगर सांगितला, दुकानातलं सांगितलं, आणि म्हणाले, "खोट रायफलीत होती, आन् माझ्यात होती. या पोरीत न्हवती. तिच्या घराबद्दल मी जे बोललो ते वाईट बोललो."

फाटकाशी कुणीतरी फिसकन हसलं. "मेजर, आज भाजी कोणती?" दुसऱ्यानं विचारलं. मॅडम हसल्या नाहीत. पण त्यांनी मसाजींकडं पाहिलं ते आधीच्यासारखं पाहिलं नाही. ते त्यांना जास्त लागलं.

संध्याकाळी ते दगडोबाच्या शेळ्यांच्या वाड्याशी गेले. दगडोबा पाला टाकत होता. मसाजींनी हात जोडले. तो म्हणाला, "हात कशाला जोडून राहिले? त्या दिवशी घरी येऊन मी पोरीवर हात उचलला. म्हणलं, तुझ्यापायी माझी मान खाली गेली. फौजेतला माणूस खोटं कसं बोलंल, असं वाटलं मला." त्यानं हातातला पाला खाली टाकला. "तिनं मला उलटून एक शब्द सांगितला न्हाई."

मसाजींना वाटलं, त्यानं आपल्याला शिव्या द्याव्यात. पण त्यानं पाल्याचा भारा उचलला आणि शेळ्यांपुढं टाकत राहिला. मग दगडोबानंच बाज सरकवली. मसाजी बसले, पण अगदी कडेला.

जिल्ह्याला मंजुषा सातवी आली. इतरांकडं चांगल्या रायफली होत्या. पुढच्या वर्षी नांदेडच्या एका क्लबानं तिला सरावाला बोलावलं आणि ती दर रविवारी जाऊ लागली.

शाळेला नवे शिक्षक मिळेपर्यंत मसाजी सरावाला जात राहिले. ते कुणाला काही शिकवत नसत. सराव सुरू होण्याआधी वाळूच्या पोत्यात रायफल बसवून पाच छर्रे मारून बघत, पट्टे बदलत, आणि एखादं पोरगं चुकलं तर गप्प राहत. गावातली जुनी माणसं अजून सवयीनं त्यांना मेजर म्हणतात. तेव्हा ते थांबून सांगतात, "मसाजी म्हणा." काही जण म्हणतात. काही जण विसरतात, आणि त्यांना दुसऱ्यांदा सांगायचं मसाजींच्या जिवावर येतं, तरी सांगतात.