कोशाचा टॉप

कात्रीशी इतकं वैर धरणारी बाई आमच्या भंडारा जिल्ह्यात दुसरी नसेल. जिल्ह्याची वाटणी होण्याआधी गोंदिया आमच्यातच होतं, तेव्हाही नव्हती. माझी मधली काकू विणकराच्या घरात जन्मली आणि विणकराच्याच घरी आली. मागावरून कापड जसं उतरतं तसंच ते अंगावर जावं, त्याला कापणं म्हणजे ताटातल्या भातावर पाय देणं, असं तिचं ठाम मत. काकांचा शर्ट शिवायला टाकला की शिंप्याचं कापून होईपर्यंत ती दुकानाबाहेर उभी राहायची आणि नंतर चिंध्या मात्र एकूणएक परत आणायची. त्यांच्या गोधड्या झाल्या, उशांचे अभ्रे झाले. एके सकाळी माझ्या स्कूटरच्या दोन्ही आरशांना टोपडी घातलेली सापडली. "धूळ नाही बसत न बापू," ती म्हणाली.

कापडाच्या बाबतीत तिला भीडभाड नाही. तुमसरच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईचा पदर चिमटीत धरून, "बाई, फसवलं तुम्हाले, हा कोसा नाही, नकली रेशीम आहे," असं सांगून ती मोकळी झाली. ती बाई लग्नाला निघाली होती. पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत काढला.

अशा बाईने फॅशनचा टॉप शिवायला घेतला, तो माझ्या मुलीमुळे. गौरीला पुण्यात नोकरी लागली होती. मोबाइलवर तिला एका टॉपचा फुकटचा नमुना, म्हणजे छापून घ्यायचं कटिंग, सापडला, फुगीर बाह्या आणि मागे गाठ असलेला. काकू म्हणाली, "मीच शिवून देईन."

"काकूआजी, हे कापावं लागते, माहीत आहे न?" गौरी हसली.

झालं. काकूने शिलाई मशीनवरचं झाकण ओढून काढलं. पोरगी दूर चालली होती. लुगडं काही ती नेसणार नव्हती. पण आपल्या हातचं काहीतरी तिच्या अंगावर असावं, एवढंच काकूला हवं होतं.

झेरॉक्सच्या दुकानातून नमुन्याची पानं छापून आणली. ती एकमेकांना जोडायची होती. काकूने भाताच्या शितांनी जोडली, आणि दुसऱ्या दिवशी डाव्या बाहीवर मुंग्यांची रांग लागली. त्या झटकून तिने माप ठरवलं. नमुन्यात लहानमोठी सगळी मापं एकात एक आखलेली होती, पण गौरीच्या अंगाला टेप लावायला ती तयार नव्हती. "टेप कायले? पोरगी माह्या डोळ्यासमोर वाढली." आधी जुन्या चादरीवर कच्चा टॉप झाला. कापण्यापूर्वी काकूने चादरीला हात जोडले. गौरीने तो डोक्यातून घातला आणि मान व एक हात यांसकट आत अडकली; मी आणि माझ्या बायकोने ओढून तिला सोडवली. "पाण्यानं आटला असन," कोरड्या ठणठणीत चादरीकडे बघत काकू म्हणाली. ते माप आठवीतल्या गौरीचं होतं.

मग टेप आला. खांद्याचं माप घेता घेता काकू थांबली, आणि टेप हातात धरून बराच वेळ गौरीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने पेटीतून कोसा काढला. काकांनी मागावरून उतरवलेलं ते शेवटचं कापड. त्याची घडीही तिने कुणाला मोडू दिली नव्हती.

"नको काकूआजी, बाजारातून आणू," गौरी म्हणाली.

"बाजारचं घालशीलच पुढं."

नमुना पसरला. काकूने कात्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी ती गौरीच्या हातात दिली. "तू काप. मले नाही होत." पण या वेळी ती बाहेर गेली नाही. दोन्ही हातांनी कापड ताणून धरून बसली, कापून होईपर्यंत. उरलेले तुकडे टाकणं शक्यच नव्हतं, म्हणून नमुन्यात एकही खिसा नसताना टॉपला चार खिसे आले. गौरी ते बघून इतकी खूश झाली की काकूने मला विजयाने डोळे मोठे करून दाखवले.

वरठीच्या स्टेशनवर गौरी तोच टॉप घालून आली. काकू तिची बाही धरून उभी होती. गाडीने शिट्टी दिली तरी सोडेना.

"सोड न काकूआजी, उसवन."

"उसवली तर घेऊन ये. दुसऱ्या कोणाजवळ शिवाले देऊ नको."

दिवाळीला गौरीला रजा मिळाली नाही. संक्रांतही गेली. फोनवर काकू दर वेळी बाहीची चौकशी करते, आणि बाही ठीकच असते.

"जास्तच पक्की शिवली मी," ती परवा म्हणाली.