बैठक म्हणजे खाली बसायचं

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तीन वर्षं मी गाण्याच्या कार्यक्रमाला गेले नव्हते. टीव्हीवर ऐकते, पण टीव्हीवाले ऐन वेळी गाणाऱ्याचा चेहरा दाखवतात आणि तबल्यावरचे हात राहूनच जातात. मला तर हातच बघायचे असतात. म्हणून सांगलीला गाणं आहे कळल्यावर मीच तिथल्या आयोजकांना फोन लावला. पायऱ्या किती, विचारलं, तर बाजूनं उतार केलाय म्हणाले. बसायची सोय कशी, विचारलं. "अगदी पुढं बैठक आहे, आजी," असं तो माणूस एवढ्या आनंदानं म्हणाला की मीही खूश झाले.

आता बैठक म्हणजे गाद्यांवर, खाली, हे मला कळायला नको? साताऱ्याकडं माहेरी सगळी गाणी सतरंजीवर बसूनच ऐकली की मी. पण अंगाला खुर्चीची सवय लागली की बसणं म्हणजे खुर्चीच वाटायला लागते.

कुंडलहून सुनेनं गाडी चालवत नेलं. वॉकर धरून मी ऐटीत उतार चढले आणि आत बघते तर पुढं सगळ्या गाद्या, वर पांढऱ्याशुभ्र चादरी. खुर्च्या पार मागं, भिंतीला लागून. तिथनं तबल्याची जागा लय लांब. सून म्हणाली, मागं बसू, आवाज तर येईल. आवाज घरीही येतो, मी म्हटलं.

पुढं एक खुर्ची मागितली. व्यवस्थेतली बाई चांगली होती, पण अडली. चादरीवर चपला चालत नाहीत आणि माझ्या वॉकरला चार रबरी बूट. म्हटलं, हे काही काढता येत नाहीत हो, पुसून घ्या. तिनं खरंच फडकं आणून चारी पाय पुसले. खुर्ची मांडली, मी बसले, तोवर मागच्या गादीवरच्या एक बाई म्हणाल्या, "आवं आजी, आमी काय तुमचा अंबाडा बघायला आलोय व्हय?"

खरंच होतं त्यांचं. म्हटलं, मग कुठं बसू, तुम्हीच सांगा. त्या उठल्या, पदर खोचला, मला वॉकर धरून उभं केलं आणि खुर्ची ओढत थेट स्टेजच्या डाव्या अंगाला, भिंतीलगत नेऊन ठेवली. तिथनं गाणाऱ्या बाई तबलजीच्या आड गेल्या. पण त्याचा उजवा हात! चार हातांवर. बोट तबल्याच्या काळ्या शाईवरनं काठावर कसं सरकतं तेसुद्धा दिसत होतं.

मध्यंतरानंतर त्याच बाई मागची एक खुर्ची घेऊन माझ्याशेजारी आल्या. खाली बसून पाय बधिर झाले म्हणाल्या. मग मान वाकडी करून कुरकुरल्या, "हितनं गाणारी दिसत न्हाई की."

"तिचं ऐकायचं," मी म्हटलं. "बघायचं ह्याचं."

मग दोघी बघत बसलो. द्रुत सुरू झालं तसा त्यांनी माझ्याच मांडीवर ठेका धरला, तोही ऑपरेशनच्या बाजूला. मी मांडी तशीच राहू दिली.