समुद्राकडून आलेली पोच

मी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो तेव्हा बातमीत ‘म्हणे’ हा शब्द दिसला की ती बातमीदाराकडे परत पाठवायचो. कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, हे नसेल तर छापायचं नाही. भुताखेतांच्या मजकुराला माझ्या पानावर कधी जागा मिळाली नाही. खाली लिहितोय त्यातही ‘म्हणे’ नाही. मी स्वतः जे पाहिलं आणि लोकांनी मला समोर बसून जे सांगितलं, तेवढंच आहे.

वर्तमानपत्र सोडल्यावर मी मीरा रोडला, पेणकरपाड्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलो. आम्ही मच्छीमार होड्यांसाठी संपर्काची यंत्रं बनवतो. माहितीपुस्तिका लिहिणं आणि लोकांना यंत्र समजावून सांगणं, हे माझं काम.

किनारा दूर गेला की मोबाईल चालत नाही, म्हणून आम्ही रेडिओ वापरतो. पण होडी डुलते, अँटेना हलते, मेसेजचे तुकडे वाटेत गळतात. साधं नेटवर्क तुकडा गळला की रस्त्यात गर्दी आहे असं समजतं आणि वेग कमी करतं. पुन्हा गळला की आणखी कमी... शेवटी काहीच जात नाही. आमचा उपाय असा – उत्तनजवळ चौक गावात एका गच्चीवर आम्ही बॉक्स बसवला. घरच्या फोनवरून मेसेज निघाला की हा बॉक्सच त्याला ताबडतोब ‘मिळाला’ अशी पोच देतो. फोनवर टिक येते, फोन मोकळा होतो. गळालेले तुकडे होडीला मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहणं, ही जबाबदारी मग बॉक्सची. वेग खरोखर वाढतो. फक्त ती टिक होडीची नसते. किनाऱ्याची असते.

पावसाळ्यानंतरचा हंगाम होता. दुपारी अचानक वारा फिरला. इशारा मिळाल्यावर चौकच्या होड्या एकेक करून परतल्या. दिनेश तांडेलची आली नाही. होडीवर तो आणि तीन खलाशी.

मी बॉक्सच्या चाचणीसाठी त्या गच्चीवरच होतो. संध्याकाळी दिनेशची बायको हेमाताई फोन धरून वर आल्या.

“भाऊ, पोचला! बघा, टिक आली. मी ‘वारा वाढलाय, परत ये’ लिवलाय.”

त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला सांगावं लागलं.

“ताई, ही टिक या बॉक्सची आहे. होडीला मिळालं की नाही, ते अजून कळलेलं नाही.”

“म्हंजे? मिळाला असा कोन बोलतंय मग?”

“हाच. गच्चीवरचा.”

हेमाताई बॉक्सकडे वळल्या. “न मिळता मिळाला बोलतंय? असला कसला तुमचा मशीन!”

मी ऑफिसला फोन लावला. आमचा इंजिनिअर फैजान म्हणाला, “सर, बॉक्स सौ बार भेज चुका है। उधर से कुछ नहीं आ रहा।”

खाली दिनेशचा धाकटा भाऊ रमाकांत आपली होडी पाण्यात ढकलायच्या तयारीत होता. लाटा धक्क्यावरून आत येत होत्या. म्हातारे ओरडत होते, “येडा झालास काय? तू पन जाशील!” तो ऐकत नव्हता.

हेमाताई वरून ओरडल्या, “रमा, थांब! खूण विचारते.”

चौकात ही जुनी पद्धत आहे. दुसऱ्या होडीकडून निरोप आला तर घरातल्यालाच माहीत असेल अशी खूण विचारतात. खूण पटली तरच निरोप खरा. त्यांनी टाईप केलं – ‘डब्यात काय दिला, सांग.’

पाठवलं. टिक आली. आणि त्यांनी बोट उचलायच्या आत उत्तर आलं.

‘भाकर न् सुका जवळा. मिठाची पुडी घरी र्‍हायली. नांगर टाकलाय. कोनाला पाठवू नको.’

“जवळाच दिलता,” त्या पुटपुटल्या. “पन पुडी मी टाकली... टाकलीच.” धावत घरी गेल्या आणि मुठीत पुडी घेऊन परत आल्या. चुलीच्या कडेला, फडक्याखाली राहिली होती. डबा उघडणाऱ्यालाच हे कळू शकतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. रमाकांत शिव्या देत, रडत होडी वर ओढू लागला. अंधार पडायच्या आत धक्क्यालगतच्या दोन होड्या दोर तुटून खडकावर फुटल्या. तो जिथून निघणार होता, तिथेच.

पुढचे मेसेज गेले, त्यांना उत्तर आलं नाही. हेमाताई ती पुडी हातात धरून गच्चीवर बसून राहिल्या.

सकाळी वारा पडल्यावर रमाकांत जाऊन दिनेशची होडी ओढून घेऊन आला. चौघेही जिवंत होते. इंजिन बंद पडल्यावर त्यांनी नांगर टाकला होता आणि तो धरून राहिला.

हेमाताईंनी नवऱ्याला आधी पाणी दिलं, मग पुडी दाखवली. “उत्तर दिलास ते बरा केलास.”

“कसला उत्तर?” दिनेश म्हणाला. “दुपारच्या पयल्याच लाटंत मशीन गेला. डबा पन गेला. उघडलाच न्हवता गो. रातभर उपाशी हाव.”

“मग पुडी...?”

“कसली पुडी?”

फैजानने होडीवरचं यंत्र माझ्यासमोर उघडलं. आत पाणी, बॅटरीची तार जळालेली. ते यंत्र संध्याकाळी काही पाठवू शकत नव्हतं. गच्चीवरच्या बॉक्सला स्वतःहून अक्षर लिहिता येत नाही, त्याला फक्त ‘मिळाला’ म्हणता येतं. आणि त्याच्या नोंदीप्रमाणे उत्तर समुद्राच्या बाजूच्या अँटेनावरूनच आलं होतं.

“सर, एक बात बोलूँ?” फैजान म्हणाला. “दोनों मशीन टेबल पे बाजू-बाजू में रखो, तब भी जवाब इतना फास्ट नहीं आता।”

कोणी तरी आमच्या रेडिओच्या लहरी पकडून चेष्टा केली, असं मी काही दिवस धरून चाललो. पण पुडी राहिली हे हेमाताईंनाही माहीत नव्हतं. दिनेशला नव्हतं. तिसरं कोणी नव्हतं. ही बातमी आजही माझ्याकडे स्रोताविना पडून आहे.

आता होडीची पोच आल्याशिवाय टिक दिसत नाही, असा बदल आम्ही केला. वेग कमी झाला. बाकीचे लोक कुरकुर करतात. परवा मी चौकात गेलो तेव्हा दिनेश समुद्रात होता. हेमाताईंनी खूण विचारली होती. उत्तर येईना. न राहवून मी फैजानला फोन लावायला घेतला.

हेमाताई मासळी साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“र्‍हाऊ दे भाऊ,” त्या म्हणाल्या. “सावकाश येतंय म्हंजे तोच हाय.”